घरात क्षयरोग निघाल्यावर मुलांना काय मिळते: सरकारी बाल-क्षयरोग सेवेचे परीक्षण

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून लहान मुलांना मिळणारी मोफत तपासणी, औषधे आणि प्रतिबंधक उपचार यांचे हे परीक्षण आहे. माझ्या थोरल्या चुलत भावाच्या घरी ही सेवा घ्यावी लागली. भाऊ उत्तर महाराष्ट्रातील एका डोंगराळ पट्ट्यात राहतो आणि पावसाळा संपला की कुटुंबासह द्राक्षबागांवर किंवा बांधकामावर मजुरीला जातो. घरात काकू, वहिनी, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी आहे. दवाखान्यात सोबत जाणे, कागद वाचणे आणि डॉक्टरांशी बोलणे ही कामे बहुतांशी माझ्याकडे असल्यामुळे सेवेची जवळजवळ प्रत्येक पायरी मला जवळून पाहता आली. माझे मत आधीच सांगतो. या सेवेतील औषधे उत्तम आहेत, यंत्रे चांगली आहेत आणि आम्हाला भेटलेली बहुतेक माणसे मनापासून काम करणारी होती. परंतु मोठ्या माणसाचे निदान झाल्यावर त्याच्या घरातील मुलांपर्यंत चालत जाण्याचे जे काम आहे, तेच या सेवेचे सर्वांत कच्चे अंग आहे, आणि मुलांच्या बाबतीत सगळे त्याच कामावर अवलंबून असते.

भावाची तपासणी आणि उपचार यांबद्दल तक्रारीला जागा नाही. खोकला थांबेना म्हणून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, तिथे बेडका घेऊन ट्रूनॅट यंत्रावर तपासला गेला आणि अहवाल त्याच दिवशी हाती आला. हे यंत्र गोव्यातील मोल्बायो कंपनीने विकसित केलेले आहे, ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराला मान्यता दिली. वीज दिवसातून अनेकदा जाणाऱ्या गावात जंतूची जनुकीय तपासणी होऊ शकते आणि जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही तिथेच कळते, ही फार मोठी सोय आहे. क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीत नोंद झाली, औषधे सुरू झाली, बँक खात्याचा तपशील घेतला गेला. हे सारे व्यवस्थित पार पडले.

मात्र त्या पूर्ण प्रक्रियेत घरात लहान मुले आहेत का, हा प्रश्न भावाला कोणी विचारला नाही. त्याच्या उपचारपत्रिकेवर घरातील व्यक्तींची नोंद करण्यासाठी रकाना होता आणि तो कोराच राहिला. कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुफ्फुसाचा क्षयरोग निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातील सर्वांची लक्षणांसाठी चौकशी व्हायला हवी आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यात प्राधान्य मिळायला हवे. आमच्याकडे आशाताई या कामासाठी आल्या, तेव्हा भावाच्या औषधांचे बरेच आठवडे उलटून गेले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर भरायच्या नोंदी हे सगळे एकाच बाईच्या अंगावर टाकले, तर ज्या कामाची वरून चौकशी होत नाही तेच मागे पडणार.

हा उशीर एवढा गंभीर का मानावा, ते स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरला, तरी बहुतेकांना आयुष्यभर आजार होत नाही. तान्ह्या बाळाचे तसे नसते. एक वर्षाखालील बाळाला संसर्ग झाला आणि कोणताही प्रतिबंधक उपचार मिळाला नाही, तर जवळपास निम्म्या बाळांना आजार होतो. एक ते दोन वर्षांच्या वयात हे प्रमाण साधारण चतुर्थांशाच्या आसपास असते. हा आजार बहुतेक वेळा संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षातच उद्भवतो, आणि याच वयात तो मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सर्व शरीरभर पसरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणजे मोठ्यांच्या आजारात चार-सहा आठवड्यांची दिरंगाई काही वेळा निभावून जाते, पण मुलाच्या बाबतीत तेवढ्यात हातची वेळ निघून जाते. जगात दरवर्षी सुमारे १२ ते १३ लाख मुलांना क्षयरोग होतो आणि एकूण क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण एकट्या भारतात आहेत. २०१५ या वर्षासाठी केलेल्या एका अंदाजानुसार क्षयरोगाने दगावलेल्या मुलांची संख्या २ लाख ३९ हजार होती आणि त्यांतील ९६ टक्के मुलांवर उपचार सुरूच झालेले नव्हते. औषधे निष्फळ ठरल्यामुळे नव्हे, तर आजार ओळखलाच न गेल्यामुळे ही मुले गेली.

आमच्या मुलीला खोकला फारसा नव्हता. ती खेळेनाशी झाली होती, संध्याकाळी अंग कोमट लागत असे, आणि मानेच्या एका बाजूला छोटी गाठ होती, जिच्याकडे दातांमुळे असेल म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. या सर्वांहून स्पष्ट पुरावा अंगणवाडीत भिंतीला टांगलेल्या वहीत होता. तिच्या वाढीच्या तक्त्यावरील रेषा कित्येक महिने वर सरकलीच नव्हती. अंगणवाडीच्या ताईंनी ते टिपले होते, तिला कमी वजनाच्या यादीत घेतले होते आणि जादा आहारही दिला होता. परंतु वजन न वाढण्यामागे क्षयरोग असू शकतो हे विचारण्याची पद्धत तिथे नव्हती, आणि हिच्या बापाला क्षयरोग आहे हे त्यांना अधिकृतपणे कळवण्याचीही पद्धत नव्हती. एका गावातील दोन इमारतींत दोन नोंदवह्या असतात, एकीत बापाचे नाव आणि दुसरीत मुलीचे घसरते वजन असते, आणि त्या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. या सेवेत एकच सुधारणा सुचवण्याची मुभा मला मिळाली, तर मी कोणतेही नवे यंत्र मागणार नाही. क्षयरुग्णाची नोंद झाली की त्याच आठवड्यात त्याच्या घरातील मुलांची नावे अंगणवाडीला आणि शाळेला कळवावीत, आणि ज्या मुलाचे वजन पूरक आहार देऊनही वाढत नाही त्याच्या घरातील खोकल्याची चौकशी अंगणवाडीने करावी, एवढेच मागेन.

बीसीजीबद्दलचा एक गैरसमजही इथे आडवा आला. काकूंनी मुलीच्या दंडावरील व्रण दाखवून, हिला लस टोचलेली आहे, मग हिला हा आजार कसा होईल, असे विचारले, आणि त्यांच्या प्रश्नात चुकीचे काही नव्हते, कारण लस देताना ती कशापासून वाचवते हे कोणी सांगत नाही. १९२१ पासून माणसांना दिली जाणारी ही लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयरोगापासून चांगले संरक्षण देते आणि म्हणून ती जन्मतःच द्यायलाच हवी. परंतु फुफ्फुसांच्या क्षयरोगापासून तिचे संरक्षण बेभरवशाचे आहे, आणि घरात खोकणारा रुग्ण असताना केवळ तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

मुलीच्या निदानासाठी आम्हाला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवण्यात आले. लहान मुलांना बेडका बाहेर टाकता येत नाही, ती तो गिळतात. शिवाय त्यांच्या शरीरात जंतूंची संख्या मोठ्यांपेक्षा फार कमी असते. त्यामुळे पहाटे, मूल उठून काही खाण्यापूर्वी, नाकातून बारीक नळी पोटात सरकवून रात्रभर गिळलेला बेडका काढावा लागतो, आणि तो शक्यतो दोन दिवस घेतात. मूल रडते, आईला ते पाहवत नाही, पण परिचारिकांनी ते कौशल्याने आणि ममतेने केले, हे नमूद करायला हवे. अडचण आहे ती रुग्णालयात भरती व्हावे लागण्याची. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात आईने रुग्णालयात राहायचे म्हणजे तिची मजुरी बुडते, दुसऱ्या मुलाकडे कोणीतरी पाहावे लागते, आणि गाडीभाडे वेगळे. तपासणी मोफत असली तरी तिथपर्यंत पोहोचणे मोफत नाही.

याला एक सोपा पर्याय आहे आणि तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही, याचे मला वाईट वाटते. गिळलेला बेडका शेवटी शौचातून बाहेर पडतो, म्हणून मुलाच्या शौचाच्या छोट्याशा नमुन्यावर सीबीनॅट ही ट्रूनॅटसारखीच जंतूची जनुकीय तपासणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या पद्धतीला मान्यता दिली, आणि नमुना तयार करण्याची एक साधी रीतही विकसित झाली आहे, जिला वेगळी उपकरणे लागत नाहीत. नळी नाही, उपाशी ठेवणे नाही, भरती होणे नाही. नमुना गावातील उपकेंद्रातून डबीत घालून पाठवता येईल. नळीने काढलेल्या नमुन्याची गरज त्यामुळे संपते असे नव्हे, पण ज्या पालकांना रुग्णालयात राहणे परवडत नाही त्यांच्या मुलाची तपासणी निदान होते तरी.

मुलीच्या दोन्ही नमुन्यांत जंतू सापडला नाही. अनेक ठिकाणी मुलांचा शोध नेमका याच टप्प्यावर थांबतो आणि अहवाल चांगला आला असे सांगून पालकांना घरी पाठवले जाते. आमचे नशीब असे की तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तसे केले नाही. त्यांनी छातीच्या एक्स-रेवर फुफ्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी दाखवल्या, मँटू या त्वचा-चाचणीची सूज तिसऱ्या दिवशी स्वतः मोजली, वजनाचा तक्ता मागवून पाहिला आणि बापाच्या आजाराची तारीख विचारली. जंतू न सापडणे म्हणजे आजार नसणे नव्हे, हे त्यांनी आम्हाला दोनदा समजावून सांगितले आणि उपचार सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दहा वर्षांखालील मुलांसाठी लक्षणे, संपर्काचा इतिहास आणि एक्स-रे यांना गुण देऊन उपचाराचा निर्णय घेण्याची पद्धत सुचवली आहे, आणि जिथे एक्स-रेची सोय नाही तिथल्यासाठी तिचे वेगळे रूपही दिले आहे. तालुक्याच्या पातळीवरील प्रत्येक डॉक्टरांना या पद्धतीचे प्रशिक्षण आणि ती वापरण्याचा विश्वास मिळाला, तर आमच्यासारख्यांना एवढ्या लांब जावे लागणार नाही. निदानाच्या या भागाला मी यंत्रांपेक्षा त्या डॉक्टरांच्या निर्णयासाठी गुण देतो.

औषधाबद्दल मात्र मी निःसंकोचपणे लिहू शकतो, कारण ते खरोखर मुलांसाठी बनवलेले आहे. पूर्वी मोठ्यांच्या गोळ्या तोडून, कुटून, अंदाजाने मुलांना द्याव्या लागत. कडू भुकटी मूल थुंकून टाकी आणि पोटात किती गेली हे कोणालाच कळत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये योग्य मात्रेची, पाण्यात विरघळणारी गोळी जगासमोर आली, आणि ती पहिल्यांदा तयार करणारी मॅक्लिऑड्स ही कंपनी मुंबईची आहे. एका गोळीत रिफाम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५० आणि पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम असते आणि सोबत इथॅम्ब्युटॉलची वेगळी विरघळणारी गोळी देतात. चार ते सात किलो वजनाला एक, आठ ते अकरा किलोला दोन, बारा ते पंधरा किलोला तीन आणि सोळा ते चोवीस किलोला चार, असा हिशोब असल्यामुळे निरक्षर पालकालाही मात्रा लक्षात ठेवता येते. गोळी थोड्या पाण्यात काही क्षणांत विरघळते, चवीला गोडसर आहे आणि आमच्या मुलीने ती पहिल्या दिवसापासून विशेष तक्रार न करता घेतली. विरघळवल्यावर लगेच पाजावी आणि भांड्याच्या तळाशी राहिलेला गाळ पुन्हा पाणी घालून पाजावा, हे मात्र आवर्जून सांगायला हवे, कारण औषधाचा काही भाग तिथेच चिकटून राहतो. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हेही आधीच सांगावे. आमच्या वहिनी पहिल्याच दिवशी रक्त जाते आहे या भीतीने रात्रभर जाग्या राहिल्या.

वजनावर मात्रा ठरत असल्यामुळे दरमहा वजन करणे हा या उपचाराचाच भाग आहे. उपचार सुरू झाल्यावर मुलगी झपाट्याने सुधारली, ती बारा किलोच्या पुढे गेली आणि गोळ्या दोनवरून तीन व्हायला हव्या होत्या. हे आम्ही विचारले म्हणून झाले, केंद्रातून कोणी लक्षात आणून दिले नाही. उपचाराच्या कालावधीबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सौम्य स्वरूपाच्या बाल-क्षयरोगात सहाऐवजी चार महिन्यांचा उपचार तितकाच परिणामकारक ठरतो, असे १२०४ मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका यांच्या बरोबरीने पुणे आणि चेन्नई येथील मुलेही तिच्यात सहभागी होती. आम्हाला सहा महिन्यांचाच उपचार मिळाला आणि चार महिन्यांचा विषयही निघाला नाही. पुण्याच्या मुलांनी ज्या ज्ञानाला हातभार लावला, ते महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात लवकर पोहोचावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

मुलगा निरोगी निघाला. त्याच्या बाबतीत प्रश्न होता प्रतिबंधक उपचाराचा आणि त्याला सर्वांत मोठा विरोध घरातूनच झाला. “बऱ्या पोराला रोज गोळी कशाला द्यायची, भावजी?” असे वहिनींनी विचारले, आणि केंद्रातील कर्मचाऱ्याकडे त्याचे उत्तर तयार नव्हते, त्याने फक्त पाकीट पुढे केले. खरे तर उत्तर अवघड नाही. मुलाच्या शरीरात जंतू शिरलेला असू शकतो, तो आज झोपलेला आहे, आणि आयसोनियाझिड नियमित घेतल्यास आजार होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास कमी होते. सहा महिने रोज एक औषध, किंवा दोन वर्षांवरील मुलांसाठी रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड आठवड्यातून एकदा असे एकूण १२ डोस, असे दोन मार्ग कार्यक्रमात आहेत. आम्हाला पहिला मिळाला. कामावर जाणाऱ्या कुटुंबाला दुसरा मार्ग कितीतरी सोयीचा झाला असता, पण ते औषध त्या वेळी केंद्रात नव्हते. पाच वर्षांखालील मुलाला आजार नाही एवढी खात्री झाली की कोणत्याही त्वचा-चाचणीची वाट न पाहता हा उपचार सुरू करता येतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे, कारण चाचणी उपलब्ध नाही या सबबीवर मुलांना परत पाठवल्याच्या घटना मी आसपास ऐकल्या आहेत. आजार नाही याची खात्री करणे मात्र टाळता येत नाही. आजार असलेल्या मुलाला एकटे आयसोनियाझिड दिले, तर जंतू त्याला दाद देईनासा होण्याचा धोका असतो.

पोषणासाठी मिळणारी मदत एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण मुलीच्या नावचे पैसे उपचाराच्या अगदी सुरुवातीला, जेव्हा गरज सर्वांत जास्त होती, तेव्हा आले नाहीत. शिवाय ही मदत केवळ रुग्णाला मिळते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरातील इतर माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा त्या घरांत नवा क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. डाळ-तांदळाने हे साधते, हे कळल्यानंतरही घरातील उरलेल्या मुलांसाठी शिधा न देणे मला समजत नाही.

औषधांचा पुरवठा आमच्या काळात खंडित झाला नाही. २०२४ च्या सुरुवातीला देशभर तुटवडा पडला होता, त्यामुळे पुढच्या महिन्याची औषधे शिल्लक आहेत का, हे आधीच विचारण्याची सवय आम्ही लावून घेतली. हंगामात स्थलांतर करताना निक्षय क्रमांक सोबत असेल, तर दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रातूनही औषध मिळते. आम्हाला ते कोणत्याही वादाविना मिळाले.

ज्यांच्या घरात मोठ्या माणसाला क्षयरोग निघाला आहे, त्यांनी कोणी घरी येण्याची वाट न पाहता मुलांना घेऊन केंद्रात जावे आणि उपचारपत्रिकेवरील घरातील व्यक्तींचा रकाना आपल्यासमोर भरून घ्यावा. मुलावर खासगी बालरोगतज्ज्ञ उपचार करत असले, तरी ही सेवा बंद होत नाही. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे आणि नोंद झालेल्या मुलाला कार्यक्रमाची मोफत औषधे मिळू शकतात. जाताना लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी आणि मोठ्या रुग्णाची उपचारपत्रिका व तपासणी अहवाल सोबत न्यावेत. यांतील अहवाल सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या रुग्णाचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही ते त्यावर लिहिलेले असते, आणि मुलाच्या नमुन्यात जंतू सापडला नाही, तर मुलाला कोणती औषधे द्यायची हे डॉक्टरांना त्याच एका ओळीवरून ठरवावे लागते.